काळी पट्टी, निळी पट्टी

१

कॉलेजातली प्राध्यापिका शामला टेकाडे गेली, त्याचा गाजावाजा कोणी होऊ दिला नाही. सोमवारी सकाळी कॉलेजच्या शिपायाला ती वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत पडलेली सापडली आणि त्याच दिवशी, ऊन उतरायच्या आत, तिला अग्नी दिला गेला. साल चौऱ्याहत्तर, महिना मे. त्या दिवसांत नागपुरात उन्हानं माणसं जातच होती. त्यात आणखी एक.

मधुकरराव चांदेकरांना हे कळलं ते तिची तेरवी आटोपल्यावर. मधुकरराव फौजदार होते, आता निवृत्त. नंदनवनात दोन खोल्यांत एकटेच राहत. बायको प्रेमिला जानेवारीत तापानं गेली होती. तिचा थर्मामीटर अजून खिडकीतल्या पेल्यात उभा होता. तो काढून ठेवावा असं त्यांना रोज वाटे आणि रोज राहून जाई.

दारात रुपराव टेकाडे उभे होते. काटोलचे संत्रेवाले. मधुकरराव काटोल ठाण्यात असताना दोघांची ओळख झाली होती. धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. पाणी प्यायले, पेला खाली ठेवला.

"पोरगी गेली माही," ते म्हणाले.

"ऐकलं आत्ताच कोपऱ्यावर. हार्टफेल म्हणे."

"थे लिहाले. खरं वेगळं हाये." रुपरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तिचे साहेब, गोतमारे साहेब, मले बाजूले घेऊन गेले. म्हणाले, रुपराव, पोरीच्या हाताजवळ ग्लास उलटा पडला होता. त्यात काय होतं थे मी पाह्यलं नाही, तुम्हीही पाहू नका. पोलिसात गेलं तं पोरीले फाडतील. पेपरात नाव येईन. वळखीचा डॉक्टर हाये, हार्टफेल लिहून देईन. मी त्याईचे पाय धरले जी."

"अन् आता?"

"आता एकच सांगा. तिनं आपल्या हातानं केलं का? तिची माय म्हणते, नाही. मले वाटते, केलं. एका ताटलीत दोन मतं घेऊन आमी दोघं जेवून राहिलो, फौजदार साहेब. घास उतरत नाही."

"तुम्हाला काहून वाटते तसं?"

रुपरावांनी दाराकडे पाहिलं. आवाज खाली आला.

"पातळाची गोष्ट हाये. आदल्या शनिवारी माही पोरगी साहेबाच्या बंगल्यासमोर उभी राहून आपलं पातळ मांगत होती. साऱ्या गल्लीनं ऐकलं. साहेबाची बायको माहेरी गेलेली. अशा घरात माह्या पोरीचं पातळ काहून असंन, तुमीच सांगा."

२

गल्लीनं ऐकलं होतं म्हणजे रंभाबाईनं ऐकलं होतं. ती गोतमारे साहेबांच्या घरी भांडी घासत असे. मधुकरराव तिच्या दारी गेले तेव्हा ती बाजेवर बसून कांदे निवडत होती.

"पोलिसातले का तुमी? मंग मी काही नाही ऐकलं," ती म्हणाली.

"पोलिसातला होतो. आता पेन्शनीतला आहे."

"मंग बसा." तिनं बाज मोकळी केली. "शनिवारी दुपारी मी मागं मोरीत होती. बाई आली. दार वाजवलं. साहेबानं खोललं नाही, तं बाहेरूनच वरडली. 'माझं पातळ द्या! माझं पातळ तुमच्याकडे आहे, मला माहीत आहे. सोमवारी मी सगळ्यांसमोर सांगणार!' असं. शिकलेली बाई, बोलायची एकदम पुस्तकावानी."

"साहेब काय म्हणाले?"

"काहीच नाही. खिडकी लावून घेतली."

"तू घरात काम करतेस. कपाटात, दोरीवर कुठं परक्या बाईचं पातळ दिसलं?"

"नाही जी!" रंभाबाईनं कांदा टोपल्यात टाकला. "साऱ्या गल्लीनं मले हेच इचारलं. मी म्हटलं, बाप्पा, मी झाडते, पुसते, उशा उन्हात टाकते. साहेबिणीचं सोडून एक चिंधी नाही घरात. पण सांगून कोण ऐकते? लोकाईले पातळ पाहिजेच हाये." मग ती हसली आणि लगेच हसू आवरलं. "मले तं एकच समजलं नाही. बाई नेसून आली होती थे नवंकोरं, किनारीचं. जुनं एक पातळ गेलं म्हणून कोणी एवढी रडते का?"

मधुकरराव उठले. पातळासाठी बाई रडली, आणि ज्या घरात पातळ होतं म्हणतात तिथं पातळ नव्हतं. मग तिथं होतं काय?

३

शिपाई कवडू त्यांना जिन्यानं वर घेऊन गेला. प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर होती, वर टिनाचं छत. आत पाय ठेवताच भट्टीच्या तोंडाशी आल्यासारखं झालं. खिडकीत कूलर होता, वाळ्याचे पडदे सुकून खडखडत होते.

"त्या रविवारी लाईन नव्हती जी," कवडू म्हणाला. "सकाळपासून गेली थे रातीच आली. माही सुट्टी होती. बाई तरीबी आल्या होत्या. सोमवारी पाव्हने येनार होते ना मुंबईचे, बाईचं काम पाह्याले. बाई गेल्या म्हणून थे पुढं ढकललं."

"तू दार उघडलंस तेव्हा काय दिसलं?"

कवडूनं टेबलाजवळची जागा दाखवली. "इथं. कुशीवर. दार नुसतं वढून घेतलं होतं, कडी नव्हती. ग्लास उलटा. माठ त्या कोपऱ्यात." तो थांबला. "माठ गच्च भरून होता साहेब. शनिवारी मीच भरला होता. पेल्याभर कमी झाला असंन."

"अंगावर काही खूण? मार?"

"नाही जी. निस्ती कपाळाले पट्टी होती."

"कसली पट्टी?"

"बोटाएवढी. काळी. कुंकवाच्या जागी चिकटवली होती. मले पाहून धस्स झालं. कुवार पोरीच्या कपाळाले काळं... मी काढली अन् खिशात टाकली. मंग साहेबानं मांगून घेतली."

मधुकररावांनी भिंतींकडे पाहिलं. शिश्या, नळ्या, एक दिवा, जाड काचेचा सूक्ष्मदर्शक. आरसा कुठं नव्हता. त्यांनी ते मनात ठेवलं, पण का ठेवलं हे तेव्हा त्यांनाही सांगता आलं नसतं.

"बाईंचं कोणाशी भांडण?"

"अनंतशी झालं होतं. थो पीएचडीवाला, त्याईच्या हाताखालचा. शुक्रवारी दोघं लय बोलत होते. बाई म्हणाल्या, 'तू असताना कसं गेलं?' अन् थो दार आपटून निघून गेला. त्या दिवसापासून इकडं फिरकला नाही."

४

डॉ. महादेवराव गोतमारे विभागाचे प्रमुख होते. गोरे, जाड, हळू बोलणारे. जिना चढले की त्यांना दम लागे, म्हणून त्यांची खोली खाली होती आणि तिथला कूलर चालू होता. त्यांनी पन्हं मागवलं.

"रुपरावांनी तुम्हाला पाठवलं? बिचारे. मी त्यांच्यासाठी जे करता येईल ते केलं. झाकली मूठ झाकलीच बरी, चांदेकर."

"रविवारी तुम्ही वर गेला होता का?"

मधुकररावांनी हवेत दगड मारला होता. पण गोतमारे क्षणभर थांबले आणि म्हणाले, "गेलो होतो. दुपारी. फाटकावरच्या पानवाल्यानं पाहिलंच असेल, लपवायचं काय? आदल्या दिवशी तिनं माझ्या दारात तमाशा केला होता. समजूत घालावी म्हणून गेलो."

"कशाचा तमाशा?"

"ते मेलेल्या मुलीबद्दल मी बोलणार नाही."

"तब्येत कशी होती तिची?"

"उत्तम! खोली गरम होती, ते खरं. लाईन गेलेली. पण ती खुर्चीत बसलेली, स्वस्थ. उलट गंमत करत होती. ही माझी तापाची पट्टी," त्यांनी खणातून बोटाएवढा काळा तुकडा काढून टेबलावर टाकला, "मूल आजारी असलं तर खेड्यातल्या बाईला रंगावरून कळावं, असा माझा शोध आहे. ती पट्टी तिनं कपाळाला चिकटवली आणि मला दाखवली. निळीशार! मी म्हटलं, वा, डोकं थंड दिसतंय. आणि निघालो. अंगानं इतकी ठणठणीत मुलगी मनानं खचलेली नसती, तर रात्रीतून मेली असती का? तुम्हीच विचार करा."

"निळी होती? नक्की?"

"आकाशासारखी. का?"

"काही नाही. शिपायानं काळी पाहिली."

"कवडू!" गोतमारे हसले. "त्याला लाल आणि जांभळं कळत नाही."

बाहेर येऊन मधुकरराव कडुलिंबाच्या सावलीत उभे राहिले. एकानं काळी पाहिली, एकानं निळी. दोघांतला एक खोटं बोलत होता, हे चौथीतलं पोरही सांगेल. पण पट्टीच्या रंगाबद्दल खोटं बोलून कोणाला काय मिळणार होतं?

५

अनंत महालात एका खोलीत राहत होता. दाढी वाढलेली. मधुकररावांचं नाव ऐकून त्यानं आधी दार लावून घ्यायचाच विचार केला.

"मला पकडायला आलात? पकडा," तो म्हणाला. "बाटली माझ्या ताब्यात होती आणि माझ्या हातून गेली. मॅडम मला बोलल्या, त्यात त्यांची काही चूक नव्हती."

"कसली बाटली?"

"पातळाची."

मधुकरराव खाटेवर बसले. "पुन्हा सांग."

"पुस्तकात त्याला द्रवस्फटिक म्हणतात. मॅडमना तो शब्द आवडायचा नाही. म्हणायच्या, माझ्या आईला सांगता येईल असं बोल. तुम्हाला सांगतो. बर्फ घट्ट असतो, तिथं रेणू शिस्तीत उभे. पाणी पातळ, तिथं सगळी शिस्त मोडते. पण काही पदार्थ मधल्यामध्ये थांबतात. दुधासारखे वाहतात, पण आतली शिस्त पूर्ण मोडत नाही. नाल्याच्या पुरात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या वाहताना पाहिल्या असतील. वाहतात, पण सगळ्या एकाच अंगानं लांब पडून. मॅडमच्या पदार्थात अशा पऱ्हाट्यांचे थर असतात आणि प्रत्येक थर खालच्यापेक्षा जरासा वळलेला, दोरीच्या पिळासारखा. उष्णतेनं तो पीळ बदलतो आणि पिळाबरोबर रंग. चार वर्षं खपून त्यांनी तो अंगाच्या तापाला जुळवला. एकच बाटली झाली होती. आम्ही दोघं तिला पातळच म्हणायचो. 'पातळ आत ठेवलं का रे?' 'पातळ हलवू नको.' असं."

मधुकररावांना रंभाबाई आठवली. बाप्पा, लोकाईले पातळ पाहिजेच हाये.

"आणि ती बाटली गोतमाऱ्यांनी नेली?"

"शुक्रवारी. मी जेवायला गेलो होतो. मुंबईच्या पाहुण्यांना स्वतःच्या नावानं दाखवायची होती. मॅडम सोमवारी सगळ्यांसमोर बोलणार होत्या."

"गोतमारे काम पाहायला वर येत?"

"सही करायची असली की कागद खाली मागवत. पट्टीला रंग चढताना त्यांनी पाहिलेलंच नाही. आता पाहुणे येत्या बुधवारी येतायत, तर मला निरोप आलाय, ये आणि मला शिकव." त्यानं तोंड फिरवलं. "मी जाणार नाही."

मधुकरराव दारापाशी थांबले. "एक सांग. पट्टी पाहायची तर बाई ती कुठं लावत?"

"स्वतःवर? मनगटावर. नाहीतर दिसणार कशी?"

"कपाळावर कधी?"

"कपाळ स्वतःला कसं दिसेल काका? कपाळावर लावायची ती दुसऱ्यानं पाहायला."

६

दुसऱ्या दिवशी पहाटे मधुकररावांनी काटोलची गाडी धरली. रुपरावांच्या ओसरीवर शामलाचा फोटो होता, हार सुकलेला. तिची आई भागीरथाबाई चुलीपाशीच बसली होती.

"वं, फौजदार साहेब आले. चहा मांड," रुपराव म्हणाले.

मधुकररावांनी आधी पातळाची गोष्ट सांगितली. पातळ म्हणजे काय ते सांगितलं. रुपराव ऐकत राहिले आणि मग त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले. भागीरथाबाई मात्र ताठ बसली.

"मी काय म्हणून राहिली होती? मी लुगडं म्हणतो, माही पोरगी साडी म्हणे. नेसायच्या कपड्याले पातळ तिनं जन्मात म्हटलं नाही. पण बापाले गल्लीचं ऐकू आलं, बायकोचं नाही आलं."



"तिनं घरी काही आणून दिलं होतं का?" मधुकररावांनी विचारलं. "काळी पट्टी, बोटाएवढी?"

भागीरथाबाईनं देव्हाऱ्यातून हळदीकुंकवाच्या करंड्यामागून ती काढली. काळं प्लॅस्टिक, त्यावर काहीतरी फासलेलं, वर चकचकीत पातळ कागद. "संक्रांतीले आणली होती. म्हणे, माय, शेजारच्या लेकरायले ताप आला तं लाव. मंग मले शिकवतो म्हणाली. शिकवाचं राह्यलं."

चहा पितळी पेल्यात आला होता, हात लावू देत नव्हता. मधुकररावांनी पट्टी पेल्याला टेकवून ठेवली, नुसती पाहावी म्हणून. त्यांना वाटलं होतं लाल होईल. आपल्याकडे तापलेलं सगळं लालच. निखारा लाल, लोखंड लाल, नळावर गरमची खूणही लालच.

पट्टीवर रंग सरसर धावले आणि ती निळी झाली. आकाशासारखी.

मधुकरराव पाहत राहिले. चहावर साय धरली. निळ्याचा हिरवा झाला. बऱ्याच वेळानं हिरव्याचा तांबूस. मग तांबूसही विझला आणि पेल्याला टेकून एक काळी चिंधी तेवढी उरली.

"चहा गार झाला जी," भागीरथाबाई म्हणाली. "दुसरा करू का?"

"करा," मधुकरराव म्हणाले. "कडक तापवा."

दुसऱ्या पेल्यालाही तेच झालं. गरमला निळी, निवत आली की लाल, गार पडली की काळी. कवडू खरं बोलला होता. सोमवारी सकाळी शामला गार पडली होती. आणि गोतमारेही अगदी खरं बोलले होते. त्यांच्या सगळ्या बोलण्यात तेवढंच एक खरं होतं.

परतीच्या गाडीतून उतरून ते घरी गेले नाहीत, महालात गेले.

"अनंता, तू बुधवारच्या आधीच साहेबांकडे जायचं," ते म्हणाले. "साहेबांना नीट पढव. लाल केव्हा, निळी केव्हा, सगळं. काही लपवू नको. पाठ करून घे त्यांच्याकडून."

"त्या चोराला?"

"त्यालाच. आणि बुधवारी सभागृहात मागं दोन खुर्च्या ठेव."

७

बुधवारी सभागृहात मुंबईचे पाहुणे पुढं बसले होते, मागं कॉलेजचे लोक. गोतमारे सुटात होते. अनंतनं कोमट पाण्याचे पेले मांडून दिले होते. पेल्यावर पट्टी लावली की रंग फुले आणि लोक माना डोलवत. गोतमारे छान बोलले. खेड्यातली माता, निरक्षर पण जागरूक, असं बरंच.

"कोणाला काही विचारायचं आहे?"

मधुकरराव उठले. शेजारी रुपराव टोपी घालून बसले होते. गोतमाऱ्यांनी दोघांना पाहिलं, कपाळाला आठी पडली आणि गेली.

"मी अडाणी माणूस," मधुकरराव म्हणाले. "मला ती खेड्यातली बाईच समजा."

लोक हसले. गोतमारेही हसले. "विचारा, बाई."

आणखी हशा झाला.

"लेकराच्या कपाळावर पट्टी लाल दिसली. मी काय करू?"

"काही नाही. अंग नेहमीसारखं आहे. खेळू द्या."

"अन् निळी दिसली तर?"

"निळी म्हणजे धोका!" गोतमारे पाहुण्यांकडे वळून म्हणाले. "मूल तापानं फणफणलंय. क्षणभर थांबायचं नाही. पाणी पाजा, ओल्या फडक्यानं अंग पुसा आणि धावत डॉक्टरकडे. निळी पट्टी पाहून जो स्वस्थ बसेल, त्याच्या हातून जीव जाईल."

"हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"प्रश्न गमतीचा आहे. शोध माझा आहे."

"मग त्या रविवारी शामलाबाईंच्या कपाळावर निळीशार पट्टी पाहून तुम्ही दार ओढून निघून काहून गेलात, साहेब?"

पुढच्या रांगेतल्या माना मागं वळल्या.

"तुमच्याच खोलीत तुम्ही मला सांगितलं," मधुकरराव सावकाश बोलत होते. त्यांना भाषणाची सवय नव्हती. "तिनं पट्टी कपाळाला लावली आणि दाखवली. निळी, आकाशासारखी. त्या खोलीत आरसा नाही. स्वतः पाहायची असती तर तिनं मनगटाला लावली असती. तिनं कपाळाला लावली, कारण पाहायला तुम्ही होता. टिनाखाली दिवसभर बसून तिला ऊन लागलं होतं. माठ कोपऱ्यात भरलेला, तिच्यानं तिथवर जाववत नव्हतं. कदाचित जीभ वळत नसेल. तिला वाटलं, हे आपले साहेब, यांना तरी पट्टी वाचता येईल. आणि दुसऱ्या दिवशी उलट्या ग्लासाकडे बोट दाखवून तुम्ही तिच्या बापाला सांगितलं की पोरीनं विष घेतलं."

"मी तसं..." गोतमाऱ्यांनी टेबलाची कड धरली.

"दोनच गोष्टी होऊ शकतात. निळीचा अर्थ तुम्हाला माहीत होता, तर तुम्ही तिला मरायला सोडून आलात. माहीत नव्हता, तर हा शोध तुमचा नाही, आणि तिचं पातळ तुम्ही चोरलं. तुम्हीच सांगा. तिसरं काही असेल तर तेही सांगा."

पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांतले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "डॉक्टर, उत्तर द्या."

गोतमारे पट्टीकडे पाहत होते. पेल्यातलं पाणी निवत आलं होतं, पट्टी तांबूस होत होती.

"मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून ते पुन्हा मोठ्यानं म्हणाले. "मला माहीत नव्हतं! या अनंतनं परवा सांगितलं तेव्हा कळलं."

"मग आधी माहीत कोणाला होतं?" वयस्कर गृहस्थांनी विचारलं.

"शामला टेकाडेंना," अनंत म्हणाला.

८

यानंतर फार काही घडलं नाही. गोतमाऱ्यांनी राजीनामा दिला. बाटली त्यांच्या घरच्या कपाटातून परत आली, आणि शोधाच्या कागदावर शामला रुपराव टेकाडे हे नाव चढलं. पोलिसांनी चार ओळी लिहून घेतल्या. देह जळलेला, दाखला हार्टफेलचा. कोर्टात काय उभं राहणार होतं? मधुकररावांनी रुपरावांना ते आधीच सांगून टाकलं.

निळीचा अर्थ गोतमाऱ्यांना खरंच माहीत नसेलही. पण ऊन लागलेलं माणूस ओळखायला नागपुरात पट्टी लागत नाही, दोन डोळे पुरतात. दुसऱ्या दिवशी विषाची कुजबुज करायची गरज निर्दोष माणसाला पडत नाही. हे मधुकररावांना कळत होतं. त्याचं करायचं काय ते मात्र कळत नव्हतं.

काटोलच्या गाडीला वेळ होता. दोघं स्टँडवरच्या बाकावर बसले.

"मले कोर्ट नाही पाहिजे," रुपराव म्हणाले. "माह्या प्रश्नाचं सांगा. तिच्या मायले काय सांगू?"

"सांगा, तिनं आपल्या हातानं केलं नाही. ज्याले मरायचं असते, रुपराव, तो आपला ताप दुसऱ्याले दाखवत नाही. तिला जगायचं होतं. शेवटपर्यंत ती सांगून राहिली होती."

रुपरावांनी मान हलवली. पुष्कळ वेळ हलवत राहिले. मग पिशवीतून ती काळी पट्टी काढून त्यांनी मधुकररावांच्या हातात दिली. "तिच्या मायनं धाडली. म्हणे, आमच्याकडे आता कोणाले लावाची."

गाडी गेली. मधुकरराव घरी आले. खिडकीतल्या पेल्यातला थर्मामीटर त्यांनी काढला, पुसला आणि प्रेमिलाच्या डब्यात ठेवून दिला. तो वाचायचं काम त्यांचं असायचं. ती पडल्या पडल्या विचारायची, "किती आहे हो?"

दिवसभराच्या उन्हानं त्यांचंही अंग कढत लागत होतं. त्यांनी पट्टी कपाळाला लावली आणि खुर्चीत बसून राहिले. तिला रंग चढला असेल. लाल की निळा, ते सांगायला घरात कोणी नव्हतं.